‘तुमची माहिती सुरक्षित आहे’ : पाहिले कोणी?

मोबाईलवर कोणतीही नवी सेवा सुरू करायला गेलो की एक वाक्य आपल्या स्वागताला उभे असते : ‘आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो.’ त्याखाली ‘मान्य आहे’ असे बटण असते आणि ते दाबल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण ते दाबून मोकळे होतात. त्या लांबलचक अटी वाचायला कोणाला वेळ नसतो आणि कायद्याच्या इंग्रजीत सर्वांनाच गती असते असेही नाही. पण बटण दाबताना आपण नेमके काय करतो? ज्याला कधी पाहिले नाही, ज्याचे कार्यालय कुठे आहे हे ठाऊक नाही, अशा कोणाच्या तरी शब्दावर आपण विश्वास ठेवतो. हा विश्वास ठेवावा का, आणि तो ठेवण्याचा अधिकार तरी आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांचा जितका आहे, तितकाच सदसद्विवेकबुद्धीचाही आहे. म्हणून आज या पानावर आपण त्याचा थोडा विचार करू या.

बाजारात आपण असे वागत नाही. कोळीण ‘आत्ताच आलाय माल, एकदम ताजा’ असे सांगते, तरी आपल्या घरच्या स्त्रिया माशाचा कल्ला उचलून तो लाल आहे की नाही हे पाहतातच. कोळणीला त्याचा राग येत नाही. उलट जी माशाला हात लावू देत नाही, तिच्या पाटीसमोर दुसऱ्यांदा कोणी बसत नाही. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ सालच्या जून महिन्यापासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. आता दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो आणि तो सरकारी ॲपवर घालून कोणालाही पडताळून पाहता येतो. आपला सोनार आजोबांच्या वेळेपासूनचा असेल, त्याच्या घरच्या लग्नाला आपण जेवूनही आलो असू, तरी हॉलमार्क मागितल्याने त्याचा अपमान होत नाही. सोन्याची शुद्धता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शिक्का लागतो.

खासगीपणा तर सोन्याहूनही अदृश्य. आपला संदेश कोणी वाचला तर फोनवर ओरखडा उठत नाही. आपल्या आजाराची बातमी कोणी विकली तर बँकेच्या पासबुकात त्याची नोंद होत नाही. मासा खराब निघाला तर दुपारपर्यंत कळते. इथे दहा वर्षे कळत नाही आणि कित्येकदा कधीच कळत नाही. या ठिकाणी कोणाला संत थॉमसची आठवण होईल. पण थॉमसला निदान हात घालून पाहा, असे सांगण्यात आले होते. आपल्याला फक्त वाक्य दिले जाते.

२०२० सालच्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती, तेव्हा रोझरीपासून धर्मशिक्षणाच्या वर्गापर्यंत बरेच काही झूमवर भरत होते. आपल्या बैठका ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ आहेत, असे झूम कंपनी सांगत असे. याचा अर्थ असा की, बोलणाऱ्याच्या यंत्रावर कुलूप लागते आणि ते फक्त ऐकणाऱ्याच्या यंत्रावर उघडते. मधल्या कंपनीकडेसुद्धा किल्ली नसते. त्या वर्षी मार्च महिन्यात ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी कंपनीला स्पष्टच विचारले, तेव्हा तसे कुलूप त्या बैठकांना नव्हते हे उघड झाले. पुढे नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला, की निदान २०१६ पासून कंपनी ग्राहकांची अशी दिशाभूल करत होती आणि किल्ल्या तिच्याच हाती होत्या. कंपनीने सुधारणेच्या अटी मान्य केल्या, दंड झाला नाही. आपली रोझरी कोणी चोरून ऐकत बसले होते, असे कोणीही म्हटलेले नाही. आणि ऐकली असती तर त्याचे भलेच झाले असते! परंतु त्याच झूमवर डॉक्टर रुग्णांशी बोलत होते, वकील अशिलांशी बोलत होते. त्यांनी जे वाक्य खरे मानले, ते खरे नव्हते. कोणी तरी विचारायला गेले म्हणून हे कळले, हा त्यातला मुद्दा.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक आहे आणि आपल्याला अधिक जवळचेही. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ नावाची कंपनी ऑनलाइन समुपदेशन पुरवते. मन खचलेली, वैवाहिक कलहाने पोळलेली, जीव द्यावासा वाटणारी माणसे तिच्याकडे जातात. खास ख्रिस्ती लोकांसाठी तिने ‘फेथफुल काउन्सेलिंग’ या नावाने वेगळी सेवा काढली होती. सेवेत प्रवेश करताना प्रश्नावली भरावी लागे : तुम्हाला नैराश्य आहे का, आत्महत्येचे विचार येतात का, कोणती औषधे चालू आहेत? ही उत्तरे खासगी राहतील, असे आश्वासन तिथेच दिलेले असे. वैद्यकीय गुप्ततेचा कायदा पाळला जातो असे सुचवणारी मोहोरही पानावर झळकत होती. प्रत्यक्षात कोणत्याही सरकारी यंत्रणेने ती तपासणी केलेली नव्हती. मार्च २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जाहीर केले, की या कंपनीने ग्राहकांचे ई-मेल पत्ते आणि प्रश्नावलीतील माहिती फेसबुक, स्नॅपचॅट, पिंटरेस्ट यांसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी पुरवली. अमुक माणसाने पूर्वी मानसोपचार घेतले आहेत, ही गोष्टसुद्धा त्यासारखी आणखी गिऱ्हाइके शोधण्यासाठी वापरली गेली. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण ग्राहकांना परतावा देण्यासाठी ७८ लाख डॉलर भरण्याचे कबूल केले.

जरा कल्पना करू या. एखादी बाई आपल्या घरातील मारहाणीविषयी शेजारणीला सांगत नाही, आईला सांगत नाही, फादरांना सांगण्याचाही तिला संकोच वाटतो. रात्री सगळे झोपल्यावर ती फोनवर ‘ख्रिस्ती समुपदेशन’ हे शब्द पाहते आणि त्या नावाच्या भरवशावर लिहू लागते. तिने विश्वास ठेवला तो कंपनीवर नव्हे, ‘ख्रिस्ती’ या शब्दावर. आपल्या मते या व्यवहारातील सर्वांत मोठी हानी डॉलरमध्ये मोजता येणारी नाही. एकदा असा अनुभव आलेले माणूस पुढच्या वेळी खऱ्या मदतीच्या दारातूनही परत फिरते.

मग कोणावरच विश्वास ठेवू नये की काय? तसे केले तर संसार चालणार नाही. डॉक्टरवर, रिक्षावाल्यावर, शाळेच्या बाईंवर आपण रोज भरवसा टाकतो. आणि इथे एखादा चाणाक्ष वाचक आपल्याला पेचात पकडेल : ‘पापनिवेदनाच्या गुप्ततेची पडताळणी तरी कोणी केली आहे? तिथे विश्वास ठेवता, मग इथे का नको?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कॅनन कायद्याचे कलम ९८३ ही गुप्तता अभंग मानते. ती थेट फोडणाऱ्या धर्मगुरूवर बहिष्काराचा दंड आपोआप लागू होतो. डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या सुधारित कलम १३८६ नुसार पापनिवेदनातील बोलणे यंत्राने मुद्रित करणे किंवा प्रसारमाध्यमांतून पसरवणे हाही गुन्हा आहे. परंतु केवळ शिक्षेच्या धाकावर ही व्यवस्था उभी नाही. तिची बांधणी पाहावी. मध्ये जाळी असते, म्हणजे कोण बोलत आहे हे धर्मगुरूला कळलेच पाहिजे असे नाही. वही नसते, नाव लिहिले जात नाही, पावती फाडली जात नाही. ऐकलेले विकून कोणाचा धंदा वाढत नाही. कपाटच नसल्यामुळे कपाट फोडण्याचा प्रश्न येत नाही. जुन्या लोकांना संगणक ठाऊक नव्हता, पण गुपित राखण्याची सर्वांत भक्कम रीत म्हणजे ते साठवूनच न ठेवणे, ही गोष्ट त्यांना चांगली ठाऊक होती.

नेमकी हीच कसोटी ऑनलाइन सेवांना लावता येते. ‘तुमची माहिती आमच्याकडे आहे, पण आम्ही ती पाहणार नाही’ हे एक वचन. ‘तुमची माहिती आमच्याकडे नाहीच’ हे दुसरे. दोन्ही कानाला सारखीच गोड लागतात. पहिले पाळायला रोज नव्याने चांगुलपणा लागतो : आजच्या मालकाचा, उद्याच्या मालकाचा, पगारावरच्या प्रत्येक नोकराचा. दुसरे खरे असेल तर वाईट माणूसही ते मोडू शकत नाही. सिग्नल या संदेशसेवेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. २०१६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ग्रँड ज्युरीच्या चौकशीत तिला दोन फोन क्रमांकांविषयी असेल ती सर्व माहिती हजर करण्याचा हुकूम झाला. त्यांपैकी एकाच क्रमांकाचे खाते होते आणि त्याविषयी सेवेकडे देण्याजोग्या दोनच गोष्टी निघाल्या : खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. कोणाशी बोलले, काय बोलले, काहीच नाही. शिवाय या सेवेची संगणकीय घडण सर्वांसाठी खुली असते, जगभरच्या जाणकारांनी ती उलटीपालटी करून पाहिली आहे. कल्ला उचलू देणारी कोळीण ती हीच! आपल्याला स्वतःला ते वाचता येत नाही हे खरे. पण हॉलमार्कची रासायनिक तपासणी तरी आपल्याला कुठे करता येते? तपासणारा विकणाऱ्याहून वेगळा आहे ना, त्याने काय तपासले, कधी तपासले, एवढे आपण नक्की विचारू शकतो.

यावर कोणी म्हणेल, की मग शिक्का पाहिला की निश्चिंत व्हावे. तसेही नाही. स्वित्झर्लंडमध्ये ‘क्रिप्टो एजी’ नावाची एक प्रतिष्ठित कंपनी होती. सरकारांना आणि सैन्यांना गुप्त संदेश पाठवण्याची यंत्रे ती विकत असे. तटस्थ देश, स्विस कारागिरी, पिढ्यांचा लौकिक, आणखी काय पाहिजे? शंभराहून अधिक देशांनी तिची यंत्रे घेतली. गिऱ्हाइकांत इराण होता, भारत होता, पाकिस्तान होता आणि व्हॅटिकनसुद्धा होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि जर्मन व स्विस दूरचित्रवाहिन्यांनी मिळून उघडकीस आणले, की १९७० पासून ही कंपनी अमेरिकेच्या सीआयएची आणि जर्मनीच्या गुप्तचर खात्याची गुप्त मालमत्ता होती आणि यंत्रांत मुद्दाम खोड ठेवलेली होती. जर्मन १९९३ साली बाहेर पडले, अमेरिकनांनी २०१८ पर्यंत मालकी सोडली नाही. ज्यांच्या पदरी पगारी तज्ज्ञ होते त्या राज्यकर्त्यांची ही गत, तर आपल्यासारख्यांनी फार चातुर्याचा आव आणू नये हे बरे. कंपनीचा लौकिक म्हणजे पडताळणी नव्हे, आणि देशाचा लौकिक तर मुळीच नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वचन देणारा प्रामाणिक असला तरी वचन त्याच्या एकट्याच्या हातात नसते. चॅटजीपीटीवर मिटवलेले संभाषण तीस दिवसांत कायमचे काढून टाकले जाते, असे कंपनी सांगत असे. मे २०२५ मध्ये वृत्तपत्रांनी भरलेल्या एका खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आदेश दिला, की मिटवलेली संभाषणेही जपून ठेवावीत. कंपनीने विरोध केला, तरी सप्टेंबरपर्यंत तिला ते बंधन पाळावे लागले. आपल्या देशातही एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे ठेवण्याचे बंधन घातले, तेव्हा ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ असे सांगणाऱ्या कित्येक कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलवली. परदेशी नोकरीवर असलेली आपली मुले घरी कॉल करण्यासाठी कधी कधी फुकटचे व्हीपीएन वापरतात, त्यांच्या कानावर हेही घालावे : जुलै २०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित अशा सात फुकट व्हीपीएनच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या. नोंदी ठेवत नाही, हेच त्या सातही सेवांचे आश्वासन होते. जे नव्हते म्हणून सांगितले, तेच सापडले!

आतापर्यंत आपण आपल्या स्वतःच्या माहितीविषयी बोललो. आता अवघड भागाकडे येऊ या.

‘आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’ असे पुष्कळ जण म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. पण आपल्या फोनमध्ये जे आहे ते सगळे आपले असते का? फोनमधील तीनशे नावे आणि क्रमांक त्या तीनशे माणसांचे आहेत. एखादे ॲप ‘संपर्क पाहू का?’ असे विचारते आणि आपण एका बोटाने ‘हो’ म्हणतो, तेव्हा आपण तीनशे जणांच्या वतीने होकार दिलेला असतो. त्यांच्यापैकी एकालाही विचारलेले नसते. आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो : ‘अमक्याच्या सुनेचा गर्भपात झाला, प्रार्थना करा.’ ‘तमक्याचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल, प्रार्थना करा.’ हेतू चांगला असतो यात शंका नाही. व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ सालापासून कुलूपबंद प्रवास करतात, हेही खरे. परंतु दीडशे माणसांच्या गटात तो निरोप दीडशे फोनांवर उतरतो. ज्यांनी संदेशांची साठवण आपोआप चालू ठेवली आहे त्यांच्याकडून तो पुढे गूगल किंवा ॲपलच्या कोठारात जातो. त्या साठवणीलाही कुलूप लावण्याची सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, पण ते आपल्याला स्वतः लावावे लागते. त्या सुनेला कोणी विचारले होते का? तिच्या वतीने विश्वास ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कायदा इथे आपल्या मदतीला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने अमलात येण्यासाठी त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकार ज्यांना विशेष मोठे म्हणून नेमील, त्यांना बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागेल. म्हणजे कल्ला उचलणारा कोणी तरी नेमला जात आहे, ही समाधानाची गोष्ट. पण एखादी व्यक्ती घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी माहिती हाताळते, तिथे हा कायदा लागूच होत नाही. फोनमधील ती तीनशे नावे आणि त्या सुनेची बातमी कायद्याच्या कुंपणाबाहेर आहेत. तिथे आपणच तेवढे उरतो.

स्वतःचे पैसे कोणाला उसने द्यावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याने ठेवायला दिलेले पैसे मात्र आपण न विचारता उसने देत नाही, देणेकरी कितीही सज्जन दिसला तरी. दुसऱ्याचे गुपित याहून वेगळे नाही, असे आम्हांला वाटते. स्वतःपुरता भाबडा विश्वास ठेवणारा माणूस फार तर फसेल. दुसऱ्याच्या ठेवीवर तसा विश्वास ठेवणारा, न फसतासुद्धा चुकलेला असतो. प्रार्थनेसाठी ‘आपल्या समूहातील एका कुटुंबासाठी’ एवढे म्हटले तर पुरते, देवाला पत्ता लागत नाही. संपर्क मागणाऱ्या ॲपला ‘नको’ म्हटले तरी बहुतेक वेळा ते चालते. आणि नाहीच चाललं, तर त्याला आपली सेवा पुरवायची होती की आपल्या शेजाऱ्यांची यादी हवी होती, हे तरी कळते.

हा विचार दुसऱ्यांना सांगून आपल्याला थांबता येणार नाही. कुटुंबांची माहिती गोळा करण्यासाठी आता आपल्या धर्मग्रामातही ऑनलाइन फॉर्म पाठवला जातो. घरातील माणसे, शिक्षण, नोकरी, आजार, चर्चमध्ये लग्न झाले आहे की नाही, असे सगळे त्यात विचारलेले असते आणि तळाशी एक ओळ असते : ‘आपली माहिती गुप्त ठेवली जाईल.’ पूर्वी ही माहिती जाड रजिस्टरात होती आणि रजिस्टर कार्यालयाच्या कपाटात होते, किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असे. आता त्या फॉर्मचा पासवर्ड किती जणांकडे आहे? मागच्या समितीतील सभासदांकडून तो काढून घेतला गेला का? आजाराचा रकाना कोणत्या कामासाठी आहे आणि सर्वेक्षण संपल्यावर तो कधी मिटवला जाणार? पॅरिश कौन्सिलच्या येत्या बैठकीत हे प्रश्न कोणीही विचारावेत, मान खाली न घालता विचारावेत. उत्तरे लिहून सूचनाफलकावर लावता येतील. तोवर ज्यांना आजाराचा रकाना रिकामा ठेवावासा वाटेल, त्यांनी तो खुशाल रिकामा ठेवावा.